खोली ऐकू येणारे अल्बम: २०२४ मधलं माझं इंडी रॉक

प्रश्न असा आहे: २०२४ सालातले तुमचे आवडते इंडी रॉक (मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर वाढलेलं रॉक) अल्बम आणि सिंगल्स (सुटी प्रसिद्ध केलेली गाणी) कोणते, आणि रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या माणसाला त्यांत नेमकं काय ऐकू येतं? उत्तर लांबणार आहे. वर्ष भरगच्च होतं, आणि यातले काही अल्बम मी इतक्या वेळा ऐकलेत की त्यांच्याविषयी दोन ओळींत आटोपणं मला जमणार नाही.

आधी माझा कान कसा घडला ते सांगते. वीसेक वर्षं मी बँड रेकॉर्ड करते, मिक्स करते, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवते. सुरुवातीच्या काळात एका गायिकेचं गाणं मी मन लावून 'स्वच्छ' केलं होतं. दोन ओळींमधला प्रत्येक श्वास कापला. तिच्या माइकमध्ये सांडलेला ड्रमचा आवाज गाळला. तीन टेकमधले, म्हणजे एकाच गाण्याच्या तीन वेळच्या रेकॉर्डिंगमधले, उत्तम तुकडे निवडून त्यांचा एक सलग टेक जोडला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "छान झालंय, पण यात मी कुठेय?" त्या रात्री मी कापलेले श्वास एकेक करून जागेवर आणले. तेव्हापासून नवा अल्बम लावला की माझा कान आधी माणसं शोधतो. ती एकमेकांचं ऐकत वाजवतायत का, ज्या खोलीत बसलीयत ती खोली ऐकू येतेय का, ते बघतो. सूर, शब्द, चाल यांचा नंबर त्यानंतर.

या मापानं पाहिलं तर माझ्यासाठी २०२४ ची सुरुवात एका मृत्यूपासून होते. ७ मे रोजी रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी गेला, वयाच्या ६१ व्या वर्षी, हृदयविकारानं. शिकागोतला 'इलेक्ट्रिकल ऑडिओ' हा स्टुडिओ त्यानं १९९७ मध्ये उभा केला. पिक्सीजचा 'सर्फर रोझा', पीजे हार्वीचा 'रिड ऑफ मी', निर्वाणाचा 'इन युटेरो' हे सगळे त्याच्या हाताखालून गेलेले अल्बम. पण स्वतःला निर्माता म्हणवून घेणं त्याला पटत नसे. आपण फक्त रेकॉर्ड करतो, म्हणून कामाचे पैसे एकदाच घ्यायचे आणि विक्रीतल्या रॉयल्टीत वाटा मागायचा नाही, हे तत्त्व त्यानं शेवटपर्यंत पाळलं. माझ्या पिढीतल्या अनेक इंजिनिअरांनी ड्रमसाठी खोलीत लांब माइक ठेवायला त्याचे रेकॉर्ड ऐकून शिकून घेतलं. मीही त्यांतलीच.

तो गेल्यावर दहा दिवसांनी, १७ मेला, त्याच्या शेलॅक या बँडचा 'टू ऑल ट्रेन्स' आला. तारीख आधीच ठरलेली होती. तिघंच वाजवणारे, दहा गाणी, अर्ध्या तासाच्याही आत संपणारा अल्बम. सवड मिळेल तेव्हा जमायचं आणि वाजवायचं, अशा बैठकांमधून काही वर्षांत तो साकारला. यात एकही आवाज शोभेसाठी नाही. बास डोक्यात घण घातल्यासारखा येतो, गिटार पत्रा कापल्यासारखी, आणि ड्रम तुमच्या समोर सात-आठ फुटांवर मांडलेत असं वाटतं. मधली गप्प जागा मला सगळ्यात जास्त भावते. तिघंही एकदम थांबतात आणि त्या क्षणी झांजेची विरत जाणारी कंपनं ऐकू येतात. तिथे दुसऱ्या कुणी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओतला असता. त्यांनी खोली तशीच राहू दिली. शेवटच्या गाण्याचं नाव आहे 'आय डोन्ट फिअर हेल'. नरकाची मला भीती नाही, असं म्हणून गेलेला माणूस दहा दिवसांनी स्वतःच्या आवाजात तेच ऐकवतो. पहिल्यांदा ते गाणं संपल्यावर मी हेडफोन काढून बराच वेळ नुसती बसून होते.

याच धाग्याचं दुसरं टोक म्हणजे किम डीलचा 'नोबडी लव्ह्ज यू मोअर', २२ नोव्हेंबरला आलेला. पिक्सीजच्या १९८८ च्या 'सर्फर रोझा'वर बास वाजवणारी ही बाई, पुढे ब्रीडर्स हा बँड उभा करणारी. एवढी कारकीर्द झाल्यावर स्वतःच्या नावावरचा हा तिचा पहिला अल्बम. यातली काही गाणी अल्बिनीनं रेकॉर्ड केलीयत. तंतुवाद्यं आहेत, ब्रास आहे, सजावट भरपूर आहे, आणि तरीही तिचा आवाज त्या सगळ्याच्या पुढ्यात, कानाच्या अगदी जवळ. वय झालेल्या आवाजाची कड घासून गुळगुळीत करण्याचा मोह इथे कुणालाही झालेला नाही. आईवडिलांचं आजारपण काढलेल्या, स्वतःही बरंच सोसलेल्या माणसाचा आवाज असाच असायला हवा. 'कोस्ट' हे सिंगल पहिल्यांदा ऐकाल तेव्हा हलकंफुलकं वाटेल. चौथ्यांदा ऐकाल तेव्हा त्यातली हुरहुर लक्षात येईल.

आता वर्षातला माझा सर्वांत लाडका अल्बम: एड्रियान लेंकरचा 'ब्राइट फ्यूचर', २२ मार्च. लेंकर म्हणजे बिग थीफ या बँडची गायिका. फिलिप वाइनरोब या सहनिर्मात्याबरोबर तिनं जंगलातल्या एका स्टुडिओत, मोजक्या तीन मित्रांना जमवून तो टेपवर रेकॉर्ड केला. टेप वापरली म्हणून अल्बम आपोआप चांगला होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. टेपवर केलेले भिकार रेकॉर्डही मी पुष्कळ ऐकलेत. टेपचा खरा फायदा शिस्तीचा. ट्रॅक (एकेका आवाजाच्या वेगळ्या पट्ट्या) मोजके, दुरुस्तीला जागा कमी, म्हणून सगळ्यांना एकत्र बसून, एकमेकांकडे बघत, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन पोचवावं लागतं. आणि तेच इथे ऐकू येतं.

पहिलंच गाणं 'रिअल हाउस' घ्या. ड्रम नाहीत. मुख्यतः पियानो आणि तिचा आवाज. लहानपणच्या आठवणी, आई, घरातला कुत्रा गेला तो दिवस. चाल जवळपास बोलण्याची. पियानो वाजवणारा निक हकीम तिच्या ओळीच्या आधी कधीच जात नाही. ती कुठे थांबेल हे त्याला ठाऊक नाही, म्हणून तोही थांबून बघतो, आणि त्या थांबण्यात खोलीतली बारीकसारीक हालचाल ऐकू येते. संगणकावर ठोक्याला ठोका जुळवून बसवलेल्या संगीतात हे वाट पाहणं घडूच शकत नाही, कारण पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे साथसंगत म्हणतात ती नेमकी हीच. गायकाच्या श्वासावर लक्ष ठेवून बसलेला साथीदार.

याच अल्बमवरचं 'व्हॅम्पायर एम्पायर' रेकॉर्डिंगमध्ये रस असलेल्यांनी मुद्दाम अभ्यासावं. हेच गाणं बिग थीफनं २०२३ मध्ये सिंगल म्हणून आणलं होतं, पूर्ण बँडसह. एकच गाणं, तीच गायिका, दोन रेकॉर्डिंग. बँडच्या आवृत्तीत ताकद आहे, पण 'ब्राइट फ्यूचर'वरच्या आवृत्तीत व्हायोलिन खरवडत आत शिरतं आणि तिचा आवाज मधूनच फाटतो. तो फाटलेला आवाज ठेवायचा की दुसरा टेक घ्यायचा, हा निर्णय कुणीतरी त्या दिवशी तिथे बसून घेतला. मी त्या खुर्चीत असते तर मीही ठेवला असता, असं म्हणायला मला आवडेल. वीस वर्षांपूर्वी नसता ठेवला, हे नक्की.

योगायोग म्हणजे त्याच २२ मार्चला वॅक्साहॅचीचा 'टायगर्स ब्लड' आला. वॅक्साहॅची म्हणजे केटी क्रचफील्ड. अलाबामातल्या एका ओढ्याचं नाव तिनं आपल्या संगीतासाठी घेतलं. २०२० च्या 'सेंट क्लाउड'पासून तिनं गोंगाट बाजूला ठेवून कंट्री या अमेरिकी लोकसंगीताच्या वळणाची वाट धरली आणि ब्रॅड कुक या निर्मात्याबरोबर तीच पुढे नेली. रेकॉर्डिंग टेक्ससमधल्या 'सॉनिक रँच'मध्ये झालं. ड्रमवर स्पेन्सर ट्वीडी, आणि गिटार व दुसऱ्या आवाजासाठी एमजे लेंडरमन.

'राइट बॅक टू इट' हे या अल्बमचं पहिलं सिंगल आणि माझ्या मते वर्षातलं सर्वोत्तम गाणं. बँजोनं सुरू होतं, ड्रम मागे रेलून वाजतात, आणि क्रचफील्ड लांबलचक ओळी एका दमात ओवत जाते. नात्यात भटकून, भांडून पुन्हा त्याच माणसापाशी येण्याविषयीचं हे प्रेमगीत आहे, आणि इतकं समंजस प्रेमगीत मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ध्रुवपदाला लेंडरमनचा आवाज येतो. त्याचा गळा फार तयारीचा नाही, आणि म्हणूनच जोडी जमते. तिचा सूर टोकदार आणि नितळ, त्याचा किंचित पेंगुळलेला. दोघांना एकसारखं चकचकीत केलं असतं तर जाहिरातीतलं जोडपं झालं असतं. इथे स्वयंपाकघरात उभं राहून गाणारी दोन माणसं दिसतात. हार्मनी मिक्स करताना दुसरा आवाज किती आत ठेवायचा, हा प्रश्न मला दर वेळी छळतो. आता अशा वेळी मी हे गाणं लावते.

लेंडरमनचा स्वतःचा 'मॅनिंग फायरवर्क्स' ६ सप्टेंबरला आला. तो नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलचा, वेन्सडे या बँडचा गिटारवादक. अल्बम तिथल्याच स्टुडिओत अॅलेक्स फरारच्या सोबतीनं केला आणि बरीचशी वाद्यं स्वतःच वाजवली. एकटा माणूस थरावर थर चढवतो तेव्हा बहुधा वाद्यं एकमेकांशी बोलत नाहीत. इथे ती बोलतात, कारण त्याचा ताल मुळातच सैल आहे आणि तो सैलपणा प्रत्येक थरात सारखाच उतरलाय. त्याची पात्रं म्हणजे आयुष्य हातातून निसटत चाललेले पुरुष. तो त्यांना हसत नाही, त्यांच्या शेजारी जाऊन बसतो. 'शीज लीव्हिंग यू' हे सिंगल ऐका: ध्रुवपद इतकं सोपं की पहिल्याच फेरीत तोंडात बसतं, आणि मग गिटारचा सोलो येतो जो कौशल्य दाखवायला थांबतच नाही. शेवटचं 'बार्क अॅट द मून' दहा मिनिटांचं आहे. गायन सुरुवातीच्या काही मिनिटांतच संपतं, पुढे घरघरणारा एक लांब नाद पसरत जातो. काहींना तो भाग फुकट वाटला. मला वाटतं, त्या नादाशिवाय आधीच्या विनोदामागचं रितेपण कळलंच नसतं.

सप्टेंबर संपता संपता हेलीन वादळानं त्याच ॲशव्हिल भागाची वाताहत केली. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये 'कार्डिनल्स अॅट द विंडो' हा मदतीसाठीचा संग्रह निघाला, शंभराहून अधिक गाण्यांचा. इंडीवाल्यांचा गोतावळा म्हणजे काय, हे त्या यादीतली नावं वाचताना कळतं.

सिंडी लीच्या 'डायमंड ज्युबिली'विषयी बोलायचं तर सगळे नियम बाजूला ठेवावे लागतात. सिंडी ली हे पॅट्रिक फ्लेगेल यांचं मंचावरचं रूप. कॅनडातल्या कॅल्गरीच्या विमेन या बँडमध्ये ते पूर्वी होते. २९ मार्चला ३२ गाण्यांचा, दोन तासांहून मोठा हा अल्बम आला, आणि कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर तो नव्हता. यूट्यूबवर एकच सलग फाइल, आणि जिओसिटीज या जुन्या संकेतस्थळ-सेवेच्या धर्तीच्या एका पानावरून उतरवून घ्यायची सोय, तीही स्वेच्छेनं ३० कॅनेडियन डॉलर द्या अशा विनंतीसह. ना सिंगल, ना जाहिरात. तरीही कानोकानी तो जगभर पोचला.

इंजिनिअर म्हणून पहिली दहा मिनिटं मला त्रास झाला. खरखर आहे, आवाज दबलेला आहे, कुठे कुठे बास जवळजवळ नाहीच. मग लक्षात आलं की तो धुरळा गाण्यांचाच भाग आहे. साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनवृंदांची आठवण देणाऱ्या चाली, त्यावर काचेसारखी गिटार, आणि हे सगळं दूरच्या एखाद्या रेडिओ केंद्रावरून येतंय असा भास. स्वच्छ केलं असतं तर चाली उरल्या असत्या, आठवण गेली असती. दोन तास सलग ऐका, तुकड्या-तुकड्यांत नको. मधली काही गाणी सारखीसारखी वाटतात, ते मला मान्य आहे. पण तासाभरानंतर एखादी चाल अचानक उजळते तेव्हा तिच्यामागे तो सगळा अंधार लागतो.

आता उलट बाजू. सगळंच कच्चं हवं असं माझं म्हणणं नाही. डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी.चा 'रोमान्स' (२३ ऑगस्ट) हा पूर्णपणे स्टुडिओत घडवलेला, भव्य, रंगीत अल्बम आहे. पहिले तीन अल्बम डॅन केरीबरोबर केल्यावर इथे ते जेम्स फोर्डकडे गेले. आणि त्या सगळ्या बांधकामाच्या मधोमध काय आहे? एक श्वास. 'स्टारबर्स्टर' हे सिंगल गायक ग्रियान चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात आलेल्या घबराटीच्या झटक्यातून निघालं. ध्रुवपदात तो जोरात, घशातून हवा ओढतो, आणि तो आवाज तालातल्या एका ठोक्याच्या जागी बसवलाय. लोक श्वास कापून टाकतात. यांनी त्यालाच वाद्य केलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाच श्वास अडकला होता. मधल्या भागात गाणं एकदम विस्तारतं, संथ होतं, आणि क्षणभर वाटतं की झटका ओसरला. मग ताल परत येतो आणि त्याच्याबरोबर तो श्वासही. अल्बमचं शेवटचं गाणं 'फेव्हरिट' मात्र चकाकणाऱ्या गिटारचं, उन्हातलं. तेही माझ्या सिंगल्सच्या यादीत वरच आहे.

द क्युअर या जुन्या ब्रिटिश बँडला इंडी म्हणायचं की नाही यावर वाद घालणारे घालोत. ज्या बँडकडे बघून इंडीतल्या दोन पिढ्या गिटार धरायला शिकल्या, त्याचा १६ वर्षांनी आलेला अल्बम मी वगळणार नाही. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबरला आला, आठच गाणी. १९९२ च्या 'विश'नंतर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिला अल्बम. 'अलोन' या सिंगलमध्ये गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. आजकाल पहिल्या दहा सेकंदांत श्रोता पकडा म्हणून सगळे मागे लागलेले असताना या माणसानं आपल्याला तीन मिनिटं दारात उभं केलं, आणि आपण उभे राहिलो. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे त्यानं भावाच्या मृत्यूवर लिहिलंय. त्याचा आवाज तरुणपणी होता तसाच राहिलाय, फक्त तेव्हा कल्पनेतलं दुःख गायचा, आता खरं.

आता पटापट काही. लीड्सच्या इंग्लिश टीचरचा पहिला अल्बम 'धिस कुड बी टेक्सस' सप्टेंबरमध्ये मर्क्युरी प्राइझ हा वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश वा आयरिश अल्बमचा पुरस्कार घेऊन गेला. लंडनबाहेरच्या कुणाला तो मिळायला दहा वर्षं लागली. त्यातलं 'अल्बर्ट रोड' रात्री एकट्यानं ऐका. जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' २७ मिनिटांचा, नऊ गाण्यांचा, आणि एकही सेकंद वाया न घालवणारा. इथे तिच्या गाण्यांत पहिल्यांदाच तालवाद्यं नीट पाय रोवून आलीयत. 'लाइफ इज'ची सुरुवात ऐकली की कळेल. व्हॅम्पायर वीकेंडचा 'ओन्ली गॉड वॉज अबव्ह अस' मुद्दाम करकरीत केलेला आहे, सुंदर चालींवर ओरखडे ओढलेले, आणि ते धाडस मला पटलं. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' ऑगस्टमध्ये आला, त्यातला आळसावलेला, मखमली गळा पावसाळी दुपारी फार गोड लागतो.

फादर जॉन मिस्टीचा 'महाश्मशान' मात्र दोन मिनिटं थांबून सांगायला हवा. हो, तेच महाश्मशान, काशीला जे म्हणतात ते. अमेरिकी गायकानं आपल्या अल्बमला संस्कृत नाव दिलं की मी आधी साशंक होते. पण नऊ मिनिटांहून लांब असलेलं शीर्षकगीत तंतुवाद्यांच्या लाटांवर चढत चढत जिथे पोचतं, तिथे त्या शब्दाचं वजन पेलण्याची त्याची धडपड प्रामाणिक वाटते. मिक्स थोडा गच्च आहे. माझ्या हातात असता तर तंतुवाद्यं दोन डेसिबलनं खाली आणली असती.

कुठून सुरुवात करायची विचाराल तर सिंगल्समधून 'राइट बॅक टू इट', मग 'स्टारबर्स्टर', मग 'शीज लीव्हिंग यू', मग 'अलोन', याच क्रमानं. अल्बमपैकी पहिला 'ब्राइट फ्यूचर' घ्या. फोनच्या स्पीकरवर नको, साधे का होईना, पण कान झाकणारे हेडफोन घ्या आणि आवाज फार चढवू नका. 'रिअल हाउस'मध्ये पियानो थांबतो तिथे तुम्हीही थांबा. ती पुढचा शब्द उच्चारायच्या आधी श्वास घेते, तो ऐकू येईल.